पहिल्या हाकेला

पडद्यावर ती आली की आमच्या पुढच्या खोलीतल्या झाडून सगळ्या बायका तोंडावर पदर घ्यायच्या, आणि आक्का जिभेनं च्यक् करून म्हणायच्या, "बिचारी."

ती म्हणजे भूत. मोकळे केस, पांढरी साडी, डोळ्यांत काजळ फासलेलं, मागं कुठंतरी कुत्री रडतायत, असा सगळा सरंजाम. तुम्हीही बघितली असेल ती मालिका. एका जुन्या भयकादंबरीवरनं काढली होती. रात्री नवा भाग लागायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोच परत. ज्यांची रात्री बघायची छाती नव्हती ते दुपारी बघायचे, आणि आमच्या गल्लीत तसल्यांचाच भरणा जास्त.

बेळगावच्या शहापुरात माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी माझं मशीन आणि समोरच्या भिंतीवर सासूबाईंचा टीव्ही. साडी टाकायला आलेली बाई "होईस्तवर बसते" म्हणून बसायची, ती मालिका संपल्याशिवाय हलायची नाही. तिची साडी केव्हाच झालेली असायची, पण सांगायचं कुणी? मी मशीनवर. रेशमी काठ सुईखाली असताना मान वर केली तर बोट सुईत. त्यामुळं मालिका मी कमी बघितली आणि बघणाऱ्या बायका जास्त. खरं सांगते, मजा त्यातच होती.

एकीला ते संगीत सुरू झालं की तहान लागायची. ती पाणी प्यायला आत जायची आणि येऊन विचारायची, काय झालं. दुसरी डोळे गच्च मिटून शेजारणीला सांगायची, गेली की मला हलीव. तिसरी नायिकेवरच डाफरायची, की कशाला दार उघडतीस भवाने, कडी घालून बस की गप. आणि आमच्या सासूबाई. त्यांनी यावर तोडगा काढला होता. भूत यायची वेळ झाली की त्या रिमोटनं आवाज बंद करायच्या. "आवाज न्हाय तर भ्या न्हाय," असं त्यांचं म्हणणं. मग ते भूत तोंड वासून किंचाळायचं आणि खोलीत नुसती माझ्या मशीनची टकटक. एवढी भित्री बाई, पण एक भाग चुकवला नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्याकडं ब्रह्मराक्षसापाठी ह्याच लागल्या होत्या.

सगळ्यांना बसताना पाठीला भिंत लागायची. भिंत नाही मिळाली तर एकमेकींना चिकटून बसायच्या. आक्का तेवढ्या उंबऱ्यापाशी, उघड्या दाराकडं पाठ करून. मांडीवर कुणाच्यातरी साडीचा पदर आणि त्याला गोंडे बांधायचं काम चाललेलं. डोळे पडद्यावर, गाठी आपोआप पडतायत.

आक्का आमच्या नात्यातल्या नव्हेत. दोन घरं सोडून राहायच्या. अख्खी गल्ली त्यांना आक्का म्हणायची, त्यांच्याहून थोरल्या बायकासुद्धा. नवरा मागावर साड्या विणायचा आणि ह्या दिवसभर त्याला कांड्या भरून द्यायच्या, सूत गुंडाळून गुंडाळून अंगठ्याला घट्टा पडलेला. पुढं नवरा वारला, माग गेले. घरात राहिल्या त्या एकट्या. मग माझ्याकडच्या साड्यांना गोंडे बांधून द्यायला लागल्या. घरी नेऊन बांधले असते तरी चाललं असतं, मी तसं म्हटलंही होतं. त्या म्हणाल्या, इथं उजेड बरा आहे. आमच्या खोलीत कसला उजेड आला आहे, समोर तीन मजली घर उभं राहिल्यापासनं भर दुपारी दिवा लावावा लागतो. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

गोष्ट तशी साधी होती. एका मोठ्या घरातली सून अकाली जाते आणि परत येते. घरातल्याच माणसाच्या आवाजात बाहेरनं हाक मारते. जो ओ देईल तो दुसऱ्या दिवशी गेलाच म्हणून समजा. सगळ्या बायकांची दातखीळ बसलेली असताना आक्का हळूच म्हणायच्या, "एवढं घर भरल्यालं हाय, आन् तिला एकजण बस म्हनंना. तिचं कोन हाय गं तितं?"

बायका अंगावर धावून जायच्या. अहो आक्का, भूत आहे ते, चार माणसं खाल्लीत तिनं. आक्कांचं आपलं एकच, की ती काय मागायला आली ते कुणी विचारलं का? एकदा तर भूत पावसात खिडकीबाहेर उभं होतं, आणि इकडं आक्का काळजीनं म्हणतायत, डोकं पुसायला कायतरी द्या की तिला. त्या दिवशी सगळ्याच हसल्या. सासूबाईंनीही आवाज बंद करायचा विसरून हसून घेतलं.

हीच मालिका कन्नडमध्ये डब होऊन दिवेलागणीला दुसऱ्या चॅनलवर लागायची. आक्कांचं माहेर निपाणीकडचं, दोन्ही भाषा सारख्याच. दुपारी आमच्याकडं मराठी बघायच्या आणि घरी जाऊन तेच कन्नडमधून. मी विचारलं, तेच ते काय बघता? तर म्हणाल्या, "कन्नडमधली जरा जास्त बोलती गं. घरात आवाज ऱ्हातोय."

मालिका संपली की बायका घाईनं उठायच्या. कुणाला मागचं दार लावलंय का बघायचं असायचं, कुणाला पोराला शाळेतनं आणायचं असायचं. आक्का चटई झटकायच्या, सुतळीच्या टोकाएवढे धाग्याचे तुकडे एकेक करून वेचायच्या, पाण्याचे तांबे आत नेऊन ठेवायच्या. काम संपलं की पदरानं हात पुसत म्हणायच्या, "आता उद्याच, न्हवं का?" मी हो म्हणायची. मग निघायच्या. मला म्हणाल तर ते निघणं बघवत नसे. सांजच्याला घर खायला उठतं म्हणतात ते काय, हे त्यांच्या पाठीकडं बघून कळायचं.

मधेच मालिकेत एक मांत्रिक आला आणि आमच्या गल्लीचं वाटोळं झालं.

त्यानं डोळे फिरवून सांगितलं, भुताला तिसरी हाक मारता येत नाही. दोनदाच मारता येते. म्हणून कुणी हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना गप्प राहायचं आणि तिसरीला ओ द्यायची. झालं. सासूबाईंना तर हे आधीपासनंच माहीत होतं. त्यांच्या आजीनं सांगितलेलं होतं म्हणे. वरच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी बायकोच्या साड्या घेऊन माझ्याकडं यायचे, त्यांनी ती कादंबरी वाचलेली. ते सांगून दमले की पुस्तकात असलं काही नाही, मांत्रिकच नाही, तिसरी हाक तर नाहीच नाही, हे सगळं टीव्हीवाल्यांनी भाग वाढवायला घुसडलंय. सासूबाई म्हणाल्या, पुस्तक लिहिणाऱ्याला काय माहीत, तो काय मांत्रिक होता व्हय?

दुसऱ्या दिवसापासनं गल्लीत पहिल्या हाकेला कुणी ओ देईना. गॅसवाला सिलिंडर घेऊन परत गेला आणि मग त्यालाच शिव्या. कुरिअरवाला पोरगा दारातल्या दारात रडकुंडीला यायचा. भाजीवाला हुशार, तो एका दमात भाजी भाजी भाजी असं तीनदा ओरडायला लागला. त्यावर सासूबाईंनी शंका काढली की भूतही असं एका दमात ओरडणार नाही कशावरून? आमचे मालक कामावरनं दमून यायचे, कडी वाजवायचे, हाक मारायचे, आणि त्यांची जन्मदाती आई दाराआड बोटं मोजत उभी. फोनसुद्धा तिसऱ्यांदा वाजल्याशिवाय उचलायच्या नाहीत. मी हात टेकले.

एक आक्का तेवढ्या बधल्या नाहीत. हाक कुणाचीही असो, कुणालाही असो, त्यांची ओ पहिल्याच हाकेला. आमच्या दारात पोस्टमन आला तर आतल्या सगळ्या श्वास रोखून बसलेल्या आणि आक्का उंबऱ्यावरनं म्हणतायत, या, काय पायजे? बायकांनी समजावून बघितलं, भीती घालून बघितली. एकीनं तर शपथ घातली.

एकदा खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, आक्का, बायकांच्या समाधानासाठी तरी ऐका की. कशाला उगीच?

गाठ मारता मारता त्या म्हणाल्या, "भूत असलं तर असूं दे. आपलं नाव घिऊन कुनीतरी दारात आलंय, त्याला तिष्ठत ठिवायचं व्हय?" आणि मग पुढची गाठ घेत, "माझा ल्योक एकदाच हाक मारतोय गं. मी तिसरीची वाट बघत बसली, तर त्यो जायाचा की निघून."

त्यांना मुलगा आहे हे मला ठाऊक होतं, पण मी लग्न होऊन आले तेव्हा तो घर सोडून गेलेला होता. त्या दिवशी आक्कांनी सगळं सांगितलं. मुलाचं म्हणणं, हातमागाचे दिवस संपले, विका आणि चला. बापाला ते सहन झालं नाही. शब्दाला शब्द लागला आणि बाप बोलून गेला, ह्या उंबऱ्यावर परत पाय ठेवू नको. तो बायको आणि लहानग्या लेकीला घेऊन सुरतेला गेला. नंबर बदलला. बाप गेल्याचा निरोप सुरतेकडच्या माणसांबरोबर धाडला होता, तो पोचला की नाही देव जाणे. बापलेक दोघंही एकाच मुशीतले. दुसऱ्यांदा हाक मारणं म्हणजे भीक मागणं, असं बाप म्हणायचा आणि पोरगंही लहानपणापासनं तसंच करायचं. माग खडखडत असायचे, माणसाला माणूस ऐकू यायचं नाही, तरी ते दारातनं एकदाच "आई" म्हणायचं. आक्का हातातली कांडी टाकून उठायच्या.

"त्यो आत यायचा न्हाय," आक्का म्हणाल्या. "बापानं पाय ठिवू नको म्हटलंय. गल्लीत हुबा ऱ्हाऊन हाक मारंल. तवा माझी ओ गेली पायजे."

आता मला उंबऱ्यावरच्या त्या जागेचा अर्थ कळला. बाई टीव्हीकडं तोंड करून बसायची, पण कान गल्लीत असायचे. घराला कुलूप कधी नाही. आमच्याकडं येताना दार नुसतं पुढं करायच्या, आतला दिवा चालू, चपला दारातच. दोन घरांवर तर यायचं, अनवाणीच यायच्या. येणाऱ्याला वाटावं, घरात माणूस आहे.

मालिका रंगात आली. त्या आठवड्यात भूत घरातल्या थोरल्या बाईला तिच्या लेकाच्या आवाजात बोलावणार, असं रोज जाहिरातीत दाखवत होते. त्या दुपारी आमच्याकडं एवढ्या बायका जमल्या की मला मशीनमागनं हलता येईना. सासूबाईंनी पुढच्या दाराला आतनं कडी घातली. आक्कांनी विचारलं, दार कशाला लावतीस? सासूबाई म्हणाल्या, आजच्या दिवस आक्का, मला छातीत धडधडतंय. आक्का कडीखालीच बसल्या, पाठ दाराला लावून. कुणाच्यातरी लग्नातली हिरवी साडी होती मांडीवर, अर्धे गोंडे झालेले.

भूत अंगणात आलं. सासूबाईंनी आवाज बंद केला. मीही पाय मशीनवरनं काढला, कारण खोटं कशाला बोलू, मलाही बघायचं होतं. खोलीत चिटपाखरू हललं नाही. पडद्यावर त्या भुतानं तोंड उघडलं, आणि गल्लीतनं स्पष्ट हाक आली.

"आई."

बायका ज्या किंचाळल्या! कुणी माझ्या अंगावर कोसळलं, कुणी देवाचं नाव घेतलं. आक्का उठल्या होत्या. साडी मांडीवरनं घसरून खाली पडली, हात कडीकडं गेला, आणि सासूबाईंनी तो हात दोन्ही हातांनी मनगटापाशी धरला.

"सोड, माझा हाय त्यो."

"तसंच वाटतंय, आक्का. तसं वाटावं म्हनूनच मारत्यात," सासूबाई म्हणाल्या. "तिसरी येऊं दे. माझं ऐका. नुसती तिसरी येऊं दे."

"त्यो दुसरी मारत न्हाय."

आक्का ओ देत होत्या, पण त्या गलक्यात ती ओ माझ्यापर्यंत धड पोचत नव्हती, बंद दाराबाहेर कुठली पोचणार? दुसऱ्या दोघी कडीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मी मशीनमागनं उठले. बायकांच्या गुडघ्यांवर, साड्यांवर पाय देत दाराशी आले, दोघींना ढकललं आणि कडी काढली. किती वेळ गेला सांगता येत नाही. फार नसेल, पण जेवढा जायला नको होता तेवढा गेला.

गल्लीत ऊन होतं. समोरच्या घरात गल्लीतला एकच उरलेला यंत्रमाग चालला होता. दुसरं कुणी नाही.

कोपऱ्यावर फुलं घेऊन बसणाऱ्या बाईनं सगळं बघितलं होतं. एक माणूस आला, खांद्याला पिशवी, केस पिकायला लागलेले. आक्कांच्या दारासमोर उभा राहिला. हाक मारली. वाट बघितली. आतला दिवा बघितला, दारातल्या चपला बघितल्या. मग मान खाली घालून चालत कोपऱ्यावर आला आणि रिक्षात बसून गेला. तिला वाटलं, आक्का झोपल्या असतील.

मी स्कूटी काढली. आक्का जन्मात कधी दुचाकीवर बसल्या नव्हत्या, त्या मागं बसल्या आणि माझा खांदा धरला. बेळगावच्या बसस्टँडवर आम्ही पहिल्या फलाटापासनं शेवटच्यापर्यंत फिरलो. कोल्हापूरची गाडी, निपाणीची गाडी, पुण्याची गाडी. आक्का प्रत्येक गाडीच्या खिडकीखाली उभ्या राहून त्याच्या नावानं हाका मारत होत्या. खिडकीतली माणसं वाकून बघायची आणि परत मोबाइलमध्ये डोकं घालायची. आवाज बसला तरी थांबल्या नाहीत. सुरतेकडं जायचं तर माणूस रेल्वेनंही जाईल म्हणून स्टेशनवर गेलो. तिथंही तेच. शेवटी मीच त्यांना हाताला धरून परत आणलं.

घराशी येताच त्यांनी आधी दारातल्या चपला उचलून आत नेऊन ठेवल्या.

त्यानंतर आक्का आमच्याकडं मालिका बघायला आल्या नाहीत. मी साड्या त्यांच्याकडं नेऊन द्यायला लागले. त्या आपल्याच उंबऱ्यावर बसून गोंडे बांधायच्या. मुलगा येऊन गेला म्हणून दुःख असेल असं आम्हाला वाटत होतं. तसं नव्हतं. तो जिवंत आहे, चालता-फिरता आहे, घर विसरला नाही, ह्याचं त्यांना बरंच वाटलं होतं. त्यांना खात होतं ते वेगळंच. बसल्या जागी एकदम म्हणायच्या, "त्येला वाटलं असंल, आईनं ओ दिली न्हाय." मी काही उत्तर द्यायच्या आधीच परत गाठीकडं वळायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाक्य. सुरतेला माल घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांकडं आम्ही चौकशी केली. नाव सांगितलं, वय सांगितलं. एवढ्या मोठ्या गावात असं कुणी सापडतं होय?

सासूबाईंना त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर सासूबाईंना बरं वाटलं असतं. उलट एकदा सासूबाई त्यांच्या पायाशी बसून रडायला लागल्या, तर आक्काच म्हणाल्या, "तू माझं भलंच बघत हुतीस की." सासूबाई घरी आल्या त्या जेवल्या नाहीत. त्या दिवसापासनं दुपारी चहाचे दोन कप घेऊन त्या आक्कांच्या उंबऱ्यावर जाऊन बसायला लागल्या. टीव्ही पुढच्या खोलीत एकटाच चालायचा. पहिल्या हाकेला ओ द्यायला लागल्या त्याही तेव्हापासनंच. भाजीवाल्याला कळेना, बाईंना झालंय काय.

मालिका दिवाळीच्या आधी संपली. शेवटी मांत्रिकानं भुताला जाळलं, आठवडाभर जाळतच होता. बायका खूश झाल्या. गुरुजी तेवढे चिडले. कादंबरीत कुणी जाळत नाही म्हणाले. ती दारात येते, हाक मारते, घरातलं कुणी ओ देत नाही, आणि ती जाते. बास. बायका म्हणाल्या, असला कसला शेवट, ह्यात भ्यायचं काय आहे? सासूबाईंनी आक्कांना शेवट सांगितला तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, जाळली व्हय?

थंडीत त्यांना ताप आला, तो उतरेना. जवळच पिरनवाडीला त्यांची भाची होती, ती रिक्षा घेऊन न्यायला आली. आक्कांना जायचं नव्हतं. घर बंद कसं ठेवायचं, हेच परत परत. निघताना रिक्षात बसल्यावर त्यांनी सासूबाईंचा हात ओढून घेतला आणि म्हणाल्या, "त्यो आला तर सांग." सासूबाई हो म्हणाल्या. काय सांगू, हे त्यांनी विचारलं नाही.

संक्रांत झाली आणि पिरनवाडीहून निरोप आला. आम्ही गेलो तोवर भाचीच्या नवऱ्यानं सगळी तयारी केली होती, अग्नीही त्यानंच दिला. परत आल्यावर सासूबाईंनी पुढच्या खोलीतली चटई आक्का झटकायच्या तशी झटकली आणि गुंडाळून माळ्यावर टाकली. आक्कांच्या घराला भाचीनं कुलूप लावलं. एवढ्या वर्षांत त्या दाराला कुलूप मी पहिल्यांदा बघितलं.

पुढं आषाढ लागला. दुपारची वेळ, टीव्हीवर दुसरीच कसली तरी मालिका चाललेली, बघायला कुणी नाही. मी मशीनवर, सासूबाई उंबऱ्याशी मेथी निवडत बसलेल्या.

"आई."

दोन घरांपलीकडनं आली. तोच आवाज. मी पाय थांबवून मान वर करेपर्यंत सासूबाईंची ओ गेलेलीसुद्धा होती. गुडघ्यांचं दुखणं आहे त्यांना, भिंत धरल्याशिवाय उठता येत नाही. मेथी गल्लीत सांडली आणि त्या तशाच निघाल्या.

कुलपासमोर तो उभा होता. खांद्याला पिशवी. आईच्या जागी दुसरीच म्हातारी ओ देत धावत येतेय बघून तो गोंधळला. नमस्कार केला आणि सांगायला लागला, की मागच्या खेपेला आलतो, दिवा चालू होता, चपला होत्या, पण आईनं ओ दिली न्हाय. गेलो परत. घरी सांगितलं तर पोरगी म्हणाली, बाबा, माणूस आत कामात असतं, अजून एकदा मारून या हाक. वरीसभर मागं लागली. म्हणून आलो. कुलपाकडं बघत त्यानं विचारलं, बाहेर गेलीय का?

सासूबाईंनी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"तुझी आई पहिल्याच हाकंला उठली हुती रं," त्या म्हणाल्या. "ओ पन दिली हुती. मीच धरली तिला. ह्या हातांनी धरली. तिची काय चूक न्हाय, बाबा. ती उठली हुती."

तो एकदा त्यांच्याकडं बघत होता, एकदा माझ्याकडं.

"मग आता कुठं हाय आई?"

सासूबाईंनी त्याचा हात सोडला नाही.